गाण्यातला आवाज काढून कराओके ट्रॅक बनवताना

घरच्या कार्यक्रमासाठी गाण्यातला गायकाचा आवाज काढायचा असेल, तर ऑडॅसिटी हे मोफत मिळणारं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, दोनपैकी एकच ट्रॅक निवडून त्यावर 'इन्व्हर्ट' इफेक्ट लावा आणि ऐका. मुख्य आवाज बहुधा डाव्या-उजव्या बाजूंना सारखाच असतो. एक बाजू उलटी केली की सारखं ते एकमेकांना रद्द करतं, वेगळं ते उरतं.

पण मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, फक्त गायक नसतो! बास असतो, ढोलकी-तबलाही अनेकदा तिथेच असतो. तेही जातं आणि गाणं पोकळ वाटतं. यावर मला भावलेला उपाय असा: मूळ गाण्याची आणखी एक प्रत खाली घ्या, तिला १२० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून वरचे स्वर कापणारा इफेक्ट) लावा. खालचा ठेका परत येतो, गळा फारसा येत नाही. गायकाच्या आवाजाचा घुमारा मात्र मागे थोडा राहतोच.

जुनी मोनो गाणी या युक्तीने करू नका. तिथे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, म्हणून सगळंच गायब होतं. त्यांच्यासाठी 'अल्टिमेट व्होकल रिमूव्हर' हे सॉफ्टवेअर वापरा. तेही मोफत आहे. ते बाजू न बघता आवाजाचा पोत ओळखून गळा वेगळा करतं. साध्या लॅपटॉपवर वेळ लागतो, तेवढा द्या. आणि शक्यतो सीडीवरून घेतलेली, न दाबलेली वेव्ह फाइल वापरा. जास्त दाबलेल्या (आकार लहान केलेल्या) एमपीथ्रीत आवाजाचे खरखरीत अवशेष उरतात.