वस्तीत आरोग्यजागृतीला निघण्याआधी

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं की वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं विशेष शिबिर, एवढं प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असतं. पुण्यातल्या एखाद्या वस्तीत डेंग्यू, क्षयरोग, रक्तक्षय यांबद्दल घरोघरी बोलायला जायचं ठरलं, की तयारी मात्र बॅनर आणि घोषणांपासून सुरू होते. बॅनर शेवटी करा. आधी कॅलेंडर काढा आणि दुसऱ्यांदा कधी जाणार ती तारीख लिहा. ती ठरत नसेल तर पहिली भेटही पुढे ढकलावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रक हातात देऊन, फोटो काढून निघून गेलेली मुलं वस्तीतल्या लोकांनी पुष्कळ पाहिली आहेत.

दोन भेटींत अंतर आठवड्याचंच ठेवा, त्याला कारण आहे. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण जिथे नळाला ठरावीक वेळच पाणी येतं, तिथल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? पिंप तर भरावंच लागणार. सांगायचं ते एवढंच, की पिंप रिकामं झालं की आतून घासा, उन्हात कोरडं करा, भरल्यावर कापड बांधा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात.

हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवा. त्यासाठी प्रत्येक जोडीकडे एक टॉर्च आणि एक पांढरी वाटी हवी. पिंपात टॉर्च मारली की वर लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे पळतात. थोडं थांबून वाटीभर पाणी घ्या आणि घरातल्या माणसाच्या हातात द्या. पांढऱ्यावर त्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या एकदा स्वतः पाहिल्या, की पुढे फार बोलावं लागत नाही. ते पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. मग फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, कूलर, पत्र्यावर टाकलेले टायर, करवंट्या, सगळं घरच्यांनाच शोधायला लावा.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी त्या भागातल्या आशाताईंना भेटा. कोणत्या गल्लीत ताप आहे, बायका कामावरून किती वाजता परततात, पाणी कधी येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पाण्याच्या वेळेला दार वाजवू नका. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात स्वतः जाऊन या. ओपीडीची वेळ, लसीकरणाचा वार, थुंकीची तपासणी कुठे होते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला माणूस भेटला तर ‘दवाखान्यात जा’ एवढं पुरत नाही. कुठे, किती वाजता, कोणत्या खिडकीशी, हे सांगता आलं पाहिजे. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, हेही सांगा. मजुरी बुडेल म्हणून तपासणी टाळणाऱ्याला त्याचा आधार वाटतो.

आपण गोळ्या द्यायच्या नाहीत, निदान करायचं नाही. डेंग्यूच्या हंगामात तापावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, एवढं मात्र जरूर सांगा. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला तरी पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठायचं. जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराबद्दल लोक हमखास विचारतील, कारण २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात आलेली त्याची साथ पुण्यात सगळ्यांना आठवते. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, दूषित पाण्या-अन्नातून झालेल्या जंतुसंसर्गानंतर उद्भवू शकतो, म्हणून पाणी उकळून प्या, हे उत्तर तयार ठेवा.

मुलींशी पाळी आणि रक्तक्षयावर बोलायला मुलींनीच बसावं, आणि बाहेर ओट्यावर नव्हे. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली सोडून देतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. हे होणारच, घाबरू नकोस, गोळी जेवणानंतर घे, लगेच चहा पिऊ नकोस, हे आधीच सांगितलं तर गोळी चालू राहते. तुमच्याच वयाचा एखादा मुलगा बाजूला घेऊन एचआयव्हीबद्दल विचारेल, एखादी मुलगी झोप लागत नाही म्हणेल. पहिल्यासाठी एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ आणि दुसरीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर तोंडपाठ हवेत. वहीत नावापुढे आजार लिहू नका. फोटो विचारल्याशिवाय नको.

स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी, ओळखपत्र, खोकला असलेल्या घरासाठी मास्क. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. स्वतःची काळजी घेण्यात कसला भित्रेपणा नाही.

शेवटी घरांची वाटणी. दुसऱ्या भेटीला तीच जोडी त्याच घरी गेली पाहिजे, म्हणजे पिंप घासलं का, थुंकी तपासली का, हे ओळखीच्या माणसाने विचारल्यासारखं होतं. मध्ये गणपती किंवा सहामाही परीक्षा येत असेल, तर बदली स्वयंसेवकाला पहिल्याच फेरीत सोबत न्या आणि घरच्यांशी त्याची ओळख करून द्या.