एफपीएलमध्ये स्वस्तातला चांगला डिफेंडर शोधताना या चुका टाळा

एफपीएल म्हणजे फँटसी प्रीमियर लीग: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू ठरलेल्या बजेटमध्ये निवडायचे आणि त्यांच्या सामन्यातल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे, असा ऑनलाइन गेम. शुक्रवारी संध्याकाळी ऐरोली-रबाळेहून ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये कान दिलात, तर मँचेस्टर सिटीच्या हालांडला कॅप्टन ठेवायचा की नाही यावर ठाणे येईपर्यंत वाद चाललेला ऐकू येतो. डिफेंडरांचा विषय मात्र "अरे, चारचा आहे, पडू दे बेंचवर" एवढ्यावर आटपतो; चारचा म्हणजे गेममधल्या चार दशलक्ष पौंडांचा. पंधरा जणांच्या संघात डिफेंडर पाच, म्हणजे एक तृतीयांश संघ असा डोळे मिटून भरला जातो. शेवटी येणाऱ्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घालायची, असा नियम असलेल्या मित्रांच्या लीगमध्ये हे परवडत नाही. पुढच्या फळीतले महागडे खेळाडू सगळ्यांचे सारखेच असतात. फरक पडतो तो मागच्या फळीत.

गेम किंमत लावतो ती बरीचशी नावाकडे आणि मागच्या हंगामाच्या पॉइंटकडे बघून. खेळाडूचं काम त्यानंतर बदललेलं असतं. कोच नवा येतो, जोडीदार बदलतो, कॉर्नर घ्यायची जबाबदारी मिळते. किंमत मागे राहते आणि काम पुढे गेलेलं असतं, तिथे आपला फायदा. बहुतेक जण हे न बघता नुसता सर्वात कमी आकडा शोधतात आणि पहिली चूक तिथेच होते.

"चारचा आहे ना, मग घेऊन टाक"

शंभर दशलक्ष पौंडांच्या बजेटमध्ये चार दशलक्षांचा डिफेंडर दिसला की मोह होतो. पण तो खेळणार का? साठ किंवा जास्त मिनिटं खेळल्याचे २ पॉइंट, त्याहून कमी असेल तर १. म्हणजे ३८ सामने नीट खेळलेल्या साध्या डिफेंडरला नुसत्या हजेरीचे ७६ पॉइंट मिळतात. मोठ्या क्लबचा साडेपाचचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) आलटून-पालटून, म्हणजे रोटेशनमध्ये, २४ सामने खेळला, तर त्याचे ४८. हा २८ चा फरक भरून काढायला त्याला सात क्लीन शीट (संघाने गोल न खाल्लेले सामने, प्रत्येकी ४ पॉइंट) जास्त लागतील.

चारचा असूनही सोनं निघालेला खेळाडू म्हणजे क्रिस्टल पॅलेसचा आरोन वॅन-बिसाका. २०१७-१८ च्या शेवटच्या महिन्यांत त्याला संघात जागा मिळाली होती आणि २०१८-१९ सुरू होताना तो पहिल्या पसंतीचा राइट बॅक होता. गेममध्ये किंमत चार. ज्यांनी आधीच्या हंगामाचे शेवटचे सामने पाहिले होते, त्यांना तो दिसला. ज्यांनी फक्त एकूण पॉइंटची यादी लावली, त्यांना तो तळाशी कुठेतरी सापडला असता.

गंमत पुढे आहे. दुसऱ्याच सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. लाल कार्डाचे उणे ३, वर बंदी. घाबरून त्याला काढणाऱ्यांनी हंगामातला सर्वात स्वस्त नियमित डिफेंडर हातचा घालवला. एका वाईट आठवड्यात खेळाडूचं काम बदलत नाही. बंदी संपल्यावर जागा त्याचीच असणार होती, आणि तपासायचं तेवढंच होतं.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, पण ट्रान्सफर विंडो साधारण महिनाअखेरपर्यंत उघडी असते. पहिल्या दोन-तीन सामन्यांत खेळलेला चारचा पोरगा बरेचदा क्लबने नवा डिफेंडर आणेपर्यंतचा पर्याय असतो. विंडो बंद झाल्यावर तो पुन्हा बेंचवर आणि तुमच्या संघात एक भोक. असा खेळाडू घ्यायचा असेल तर त्याच्या क्लबच्या खरेदीच्या बातम्या वाचून घ्या.

दहाचा उंबरठा आणि सरासरीचा सापळा

२०२५-२६ च्या हंगामापासून डिफेंडरचं गणित बदललं. एका सामन्यात क्लिअरन्स (चेंडू धोक्याबाहेर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं) मिळून दहा झाले की डिफेंडरला २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बारा लागतात, पण त्यांच्या हिशेबात सैल चेंडू ताब्यात घेणंही धरतात, ज्याला आकडेवारीत रिकव्हरी म्हणतात. डिफेंडरच्या हिशेबात ती धरत नाहीत. आकडेवारीच्या ॲपवर रिकव्हरीचा मोठा आकडा बघून डिफेंडर घेतला आणि दोन पॉइंट काही येईनात, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

हे २ पॉइंट किरकोळ वाटतात. पण निम्म्या सामन्यांत, म्हणजे १९ वेळा, दहाचा आकडा गाठणाऱ्या डिफेंडरला वर्षाला ३८ पॉइंट जास्तीचे मिळतात. क्लीन शीट ४ पॉइंटची, तेव्हा साडेनऊ क्लीन शीटची कमाई झाली. तळाच्या संघातला साडेचारचा सेंटर बॅक (मधला डिफेंडर) एकदम वरच्या संघाच्या सहाच्या डिफेंडरशी बरोबरी करू लागतो, तो असा.

आता सापळा. दहावीत ३५ ला पास, तसा हा प्रकार आहे. ३४ वाला नापासच आणि ९० वाल्याला दोनदा पास करत नाहीत. नऊ क्लिअरन्सवर शून्य, दहावर २, वीसवरही २ च. त्यामुळे सरासरी फसवते. एकाचे चार सामन्यांतले आकडे ३, १७, ४, १६. सरासरी दहा, पॉइंट दोनदा. दुसऱ्याचे १०, ११, ९, १०. सरासरी तीच, पॉइंट तीनदा. सरासरीची यादी लावण्यापेक्षा गेल्या आठ-दहा सामन्यांत दहाचा आकडा किती वेळा गाठला, ते बोटांवर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

असे खेळाडू सापडतात कुठे? ज्या संघाकडे चेंडू कमी असतो, जो खोल बसून बचाव करतो आणि ज्याच्यावर क्रॉसचा मारा होतो, तिथल्या सेंटर बॅकमध्ये. २०२५-२६ मध्ये एव्हर्टनचा जेम्स टार्कोव्स्की आणि बोर्नमथचा मार्कोस सेनेसी ही या पद्धतीची नावं होती. मँचेस्टर सिटीचा फुलबॅक कितीही चांगला असो, चेंडू त्याच्याच संघाकडे असतो. तो क्लिअर काय करणार? सेंटर बॅक दोनाऐवजी तीन असतील तर काम वाटलं जातं, तेव्हा फॉर्मेशन बदललेल्या संघाचे जुने आकडे जसेच्या तसे धरू नका.

इथे फिक्स्चर, म्हणजे पुढच्या सामन्यांची यादी, वाचण्याची सवयसुद्धा बदलावी लागते. क्लीन शीटसाठी सोपा सामना हवा, हे सगळ्यांना माहीत आहे. दहाच्या आकड्यासाठी मात्र कठीण सामना बरा. समजा तुमचा साडेचारचा सेंटर बॅक सिटीविरुद्ध पूर्ण खेळला, संघाने दोन गोल खाल्ले, पण याने दहाचा आकडा गाठला. हजेरीचे २, बचावाचे २, दोन गोलांचा उणे १; झाले ३. त्याच सामन्यात दहा न गाठणाऱ्याला १. सिटीचं नाव बघून त्याला डोळे मिटून बेंचवर बसवणारे हे दोन पॉइंट आठवड्यामागून आठवडे सोडून देत असतात.

टीव्हीवर डिफेंडर ओळखणं अवघड, हेही खरं. कॅमेरा चेंडूमागे पळतो आणि घसरत केलेल्या टॅकलला रिप्ले मिळतो. २०१७ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत झाली होती; अशा सामन्यात वरच्या स्टँडमध्ये बसलं की चेंडू दुसऱ्या टोकाला असताना बचावाची रांग कशी सरकते, कोण कुणाला हाक मारतो, हे दिसतं. टीव्हीपुढे बसून ते कळत नाही, म्हणून तिथे आकडे लागतात. डोळ्यांना भावलेला डिफेंडर पॉइंट देईलच असं नाही.

मागच्या हंगामाची बेरीज

न्यूकॅसलने २०२१-२२ मध्ये ६२ गोल खाल्ले आणि ११ वा नंबर मिळवला. नुसती बेरीज बघणारा या बचावाच्या वाटेला जाणार नाही. पण त्या हंगामाचे दोन तुकडे होते. नोव्हेंबरमध्ये एडी हाउ कोच म्हणून आला, जानेवारीत किरन ट्रिपियर आणि डॅन बर्न आले आणि संघ सावरला. पुढच्या उन्हाळ्यात गोलरक्षक निक पोपही आला. २०२२-२३ मध्ये याच क्लबने फक्त ३३ गोल खाल्ले, सिटीइतकेच. फ्री किक आणि कॉर्नर घेणारा ट्रिपियर सुरुवातीला पाचचा होता.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचंही तसंच. २०२३-२४ मध्ये ६७ गोल खाऊन जेमतेम वाचलेला संघ, त्यामुळे पुढच्या वर्षी डिफेंडर साडेचारला. २०२४-२५ मध्ये फॉरेस्ट सातव्या नंबरवर आला आणि गोलरक्षक मात्झ सेल्सने १३ क्लीन शीट ठेवून आर्सेनलच्या डेव्हिड रायाबरोबर गोल्डन ग्लोव्ह हा सर्वाधिक क्लीन शीटचा पुरस्कार वाटून घेतला. बेरजेऐवजी शेवटचे पंधरा सामने बघा आणि कोच, गोलरक्षक, सेंटर बॅकची जोडी यांतलं काय बदललं, ते विचारा.

वर आलेल्या संघाची भिंत

हीच बेरीज चॅम्पियनशिपमधून (प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमधून) वर आलेल्या संघाबाबत आणखी फसवते. बर्नलीने २०२४-२५ मध्ये चॅम्पियनशिपच्या ४६ सामन्यांत अवघे १६ गोल खाल्ले, ३० क्लीन शीट. आकडा वाचूनच हात शिवशिवतात. पण त्या भिंतीचा गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्ड उन्हाळ्यात सिटीला गेला, सेंटर बॅक सीजे इगन-रायली मार्सेला. भिंत बांधणारे निम्मे लोकच राहिले नसताना क्लीन शीटची आशा कशाच्या जोरावर करायची?

शेफिल्ड युनायटेड हा एकच क्लब दोन्ही टोकं दाखवतो. २०१९-२० मध्ये वर येऊन त्यांनी ३९ गोल खाल्ले आणि नववे आले. २०२३-२४ मध्ये पुन्हा वर आले तेव्हा १०४ गोल खाल्ले. तेव्हा वर आलेल्या संघातून डिफेंडर घ्यायचा तर क्लीन शीट वरकड समजा. भरपूर क्लिअरन्स करणारा नियमित सेंटर बॅक असेल तरच घ्या.

कागदावरची जागा, मैदानावरची जागा

शेफिल्डच्याच २०१९-२० च्या संघात जॉन लुंडस्ट्रम होता. गेममध्ये डिफेंडर, किंमत चार, मैदानावर मिडफिल्डर. नोव्हेंबर २०१९ मध्ये बर्नलीविरुद्ध ३-० च्या विजयात त्याने दोन गोल केले. डिफेंडर म्हणून गोलाचे ६-६, क्लीन शीटचे ४, हजेरीचे २, सामन्यातल्या सर्वोत्तम कामगिरीचा बोनस ३. एका सामन्यात २१ पॉइंट. असा खेळाडू दर वर्षी येत नाही, पण शोधायला काहीच लागत नाही. सराव सामन्यांच्या संघाचा तक्ता बघा आणि गेममधली जागा ताडून बघा.

उलटं प्रकरणही तपासा. विंग बॅक (कडेने पुढे-मागे धावणारा बचावपटू) खेळणारा गेममध्ये मिडफिल्डर म्हणून नोंदलेला असेल, तर त्याला क्लीन शीटचा १ च पॉइंट मिळतो. आणि एकाच संघाच्या दोन डिफेंडरांमध्ये निवडायचं असेल, तर कॉर्नरवर कोण पुढे जातो ते बघा. आर्सेनलचा सालिबा २०२३-२४ मध्ये सगळे ३८ सामने प्रत्येक मिनिट खेळला, मिनिटांच्या बाबतीत त्याहून भरवशाचा कोण? तरी कोच निकोला जोव्हरने आखलेल्या कॉर्नरवर चेंडू शोधतो तो जोडीदार सेंटर बॅक गॅब्रिएलचं डोकं. थोडे जास्त पैसे तिथे वसूल होतात.

०.१ साठी मंगळवारी घाई

गेममधली किंमत ०.१ ने वाढणार म्हणून मंगळवारी डिफेंडर घ्यायचा आणि शुक्रवारी कोचच्या पत्रकार परिषदेत तो जखमी असल्याचं ऐकायचं. मग फुकटचा बदल उरला नसेल तर दुसऱ्या बदलाचे उणे ४. शिवाय विकताना नफ्यातला निम्माच हातात येतो: साडेचारला घेतलेला ४.७ झाला तरी ४.६ ला विकला जातो. डिफेंडरसाठी ही घाई मला कधीच पटलेली नाही.

संघ बदलायच्या डेडलाइनबद्दल आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. ती गेमवीकच्या (सामन्यांच्या फेरीच्या) पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी असते. पहिला सामना शनिवारी इंग्लंडच्या साडेबाराचा असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी ३.३० ला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की ४.३० ला. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर अनुक्रमे रात्री ११ आणि १२. खेळणारे अकरा जण जाहीर होतात ते त्यानंतर, म्हणून ते बघून ठरवू ही सोय नाही.

खेळला, पण पॉइंट आले नाहीत?

संघाने गोल खाल्ला नाही आणि डिफेंडरला १ च पॉइंट, तर तो साठ मिनिटांपेक्षा कमी खेळला असणार. साठ मिनिटं पूर्ण करून बाहेर आला आणि नंतर गोल झाला, तर त्याची क्लीन शीट कायम राहते.

८९ व्या मिनिटाला मैदानात उतरलेला डिफेंडर १ पॉइंट घेतो आणि तुमच्या बेंचवरच्या आठ पॉइंटवाल्याला अडवतो, कारण तो "खेळला" असं धरलं जातं आणि बेंचवरचा आत येतो तो न खेळलेल्याच्याच जागी. रोटेशनवाले महाग डिफेंडर टाळायला हे आणखी एक कारण.

बेंचवर पहिल्या नंबरचा मिडफिल्डर सोडून तिसऱ्या नंबरचा डिफेंडर आत आला, तर गेम चुकलेला नाही. मैदानात किमान तीन डिफेंडर लागतात. तुम्ही तीनच खेळवत असाल आणि त्यातला एक उतरलाच नाही, तर त्याच्या जागी डिफेंडरच येतो, बेंचवर तो कितव्याही नंबरवर असो. तीन डिफेंडर खेळवणाऱ्यांचा चौथा डिफेंडर नियमित खेळणाराच हवा. पाचवा चारचा असला तरी चालेल.