सेमिस्टरभर चालणारी मननवही : कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी

नवापूर, साक्री, शहाद्याकडून धुळे-जळगावच्या कॉलेजात येणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींच्या बॅगेत बहुधा दोन प्रकारच्या वह्या असतात. एक विषयाची आणि एक रविवारच्या संदेशाची. पहिलीत प्रार्थनेला जागा नसते आणि दुसरीत राहिलेल्या पेपरचा उल्लेख नसतो. मनाला जे खरोखर खातंय ते दोन्हींच्या बाहेरच राहतं. ते एका वहीत आणायची ही पद्धत.

वही १०० पानी घ्या, एकेरी ओळींची, शिवलेली. स्पायरलची नको, कारण तिचं पान सहज निघतं आणि वाईट दिवसाचंच पान आधी फाडलं जातं. मोबाईलवर लिहू नका. लिहायला म्हणून उघडलेला फोन अर्ध्या तासाने भलत्याच ठिकाणी सापडतो. शिकवण्याचे आठवडे साधारण १५ असतात. आठवड्याला सहा पानं धरली तर ९० पानं भरतात, शेवटची १० राखून ठेवायची. रविवारी काही लिहायचं नाही, आठवड्याची सहा पानं फक्त वाचायची.

वेळ १५ मिनिटं, रात्री जेवणानंतर. अंथरुणात पडून लिहू नका, दोन ओळींत झोप लागते. एसटीत किंवा सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्येही लिहू नका. तिथे लिहिलेलं पुढे स्वतःलाच वाचता येत नाही, त्यापेक्षा एखादं वचन पाठ करा.

पानाच्या सुरुवातीला तीन कोरड्या नोंदी करा: रात्री किती तास झोप झाली, काय जेवलं, कोणते तास केले आणि कोणते बुडवले. यावर पुष्कळांचा आक्षेप येतो की यात अध्यात्म कुठे आहे? बायबलातला १ राजे, अध्याय १९ उघडून पाहा. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो, देवदूत त्याला पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत येतो. चार तास झोपून, मेसचं जेवण टाळून, चहा-बिस्किटावर दिवस काढलेल्या मुलाला रात्री ‘माझा विश्वास आटला’ असं वाटतं. अशा वेळी विश्वासाचा निकाल लावण्याआधी पहिल्या तीन नोंदी बघा.

त्याखाली मनातलं लिहायचं. बहुतेक वह्या इथेच बिघडतात, कारण हात आपोआप प्रार्थनासभेच्या भाषेत शिरतो. हे पान बघा:

‘प्रभू, आज पेपर नीट गेला नाही, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. सर्व गोष्टींसाठी धन्यवाद. आमेन.’

यात खोटं काही नाही, पण कामाचंही काही नाही. काय चुकलं ते नाही आणि काय दुखलं तेही नाही. घाईने लावलेल्या वचनाखाली जखम तशीच राहते. तोच दिवस असा लिहावा:

‘ऑरगॅनिक केमिस्ट्रीची इंटर्नल परीक्षा. दोन प्रश्न सोडले. एसएन-वन अभिक्रिया दोन पायऱ्यांत होते, आधी कार्बोकॅटायन बनतो, हे माहीत होतं. एसएन-टू एकाच पायरीत कशी ते लिहिता आलं नाही. घरी फोनवर चांगला गेला म्हणून सांगितलं. बापू कापूस वेचून आलेले, आवाज थकलेला होता. खोटं बोललो त्याची लाज पेपरपेक्षा जास्त आहे.’

आता प्रार्थना कशाची करायची ते कळतं आणि उद्या काय वाचायचं तेही.

सुचत नसेल तर स्तोत्र १३ चा साचा घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा. तुम्हीही आधी चार ‘कोठवर’ लिहा: स्कॉलरशिप खात्यावर कोठवर येणार नाही, रूममेटचे टोमणे कोठवर ऐकायचे. मग एकच मागणं, मोजकं. भरवशाच्या ओळी आतून आल्या तरच लिहा, नाहीतर दोन ओळी कोऱ्या सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. कोरी जागा राहिली म्हणून देवाचा अपमान होत नाही.

भाषा घरची वापरा. पुस्तकं इंग्रजी, उपासना मराठी, आणि रडू येतं ते अहिराणीत, मावचीत किंवा पावरीत. त्याच भाषेत लिहिलं की नाटकीपणा गळून पडतो.

पानाच्या तळाशी उद्याचं एकच काम लिहा आणि ते तासाभरात होणारं असू द्या. ‘केमिस्ट्री करणे’ हे काम नव्हे. ‘एसएन-टूची आकृती तीनदा काढणे’ हे काम आहे.

वाचनासाठी मार्ककृत शुभवर्तमान घ्या. त्यात १६ अध्याय आहेत; आठवड्याला एक, तोच सहा दिवस थोडा थोडा. सोळावा परीक्षेआधीच्या सुट्टीत येतो. रोज नवा अध्याय घेणारे तिसऱ्या आठवड्यात मागे पडतात आणि अपराधीपणाने वहीच बंद करतात. दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका, आजच्या तारखेला लिहा.

शेवटची १० पानं प्रश्नांसाठी आहेत. झूलॉजीत उत्क्रांती येते, सोशिऑलॉजीत धर्मसंस्था येते, आणि मुलं दोन टोकं गाठतात: पेपरात श्रद्धेचं उत्तर लिहून गुण घालवतात, किंवा एक धडा वाचून सगळाच विश्वास सोडतात. त्याऐवजी एका पानावर एकच प्रश्न घ्या. वर शिक्षकांना मान्य होईल असा विषयाचा मुद्दा दोन ओळींत लिहा. त्याखाली पवित्र शास्त्राचा भाग, अध्याय-वचनासह. मग नेमकं कुठे अडतं ते एका वाक्यात. शेवटी कोणाला विचारणार त्याचं नाव. वाक्य जमलं नाही तर प्रश्न अजून कच्चा आहे, आणखी वाचा. दानीएलने बाबेलात खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकली. ते शिक्षण तीन वर्षांचं होतं. त्याने नकार राजाच्या ताटाला दिला, पुस्तकांना नाही. मोनोहायब्रिड क्रॉसचं, म्हणजे एकाच गुणधर्माच्या संकराचं, ३:१ प्रमाण तुम्ही पाठ करता, ते मांडणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठात राहणारा धर्मगुरू होता; त्याचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ मध्ये छापून आला.

होस्टेलमध्ये वही उघडी ठेवू नका आणि दुसऱ्यांची पूर्ण नावं लिहू नका, आद्याक्षर पुरे.

मंडळीच्या कामांचा ताणही वहीत येऊ द्या. हिवाळ्याची परीक्षा आणि नाताळची तयारी अनेकदा एकमेकींवर येतात, आणि तरुण संघात ‘नाही’ म्हणणं जड जातं. नुसतं गैरहजर राहिलं की गैरसमज वाढतो. तारखा घेऊन आधीच जा: ‘पाळकसाहेब, माझा शेवटचा पेपर २० तारखेला आहे. तोवर रविवारची उपासना चुकवणार नाही, पण गीतफेरीला २१ पासून येईन.’ उन्हाळ्यात प्रश्न उपासाचा येतो. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो, म्हणजे त्याआधीचा उपवासकाल परीक्षांच्या आसपासच. खान्देशात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. पेपरच्या दिवशी पाणी सोडून उपास करू नका. चक्कर आली की पेपरही जातो आणि उपासही. रील्स किंवा हॉटेलची शेवभाजी सोडा, त्याचे पैसे दानाच्या पाकिटात टाका.

परीक्षेत पान तीन ओळींवर आणा: झोप, एक ‘कोठवर’, उद्याचं काम. दिवस उगवायच्या आत लिहिलं तरी चालतं, तेवढाच गारवा मिळतो.

रविवारी सहा पानं वाचताना एक गोष्ट जरूर पाहा. सलग दोन आठवडे झोप, भूक आणि अभ्यासातलं लक्ष बिघडलेलं दिसलं, तर वहीचं काम तिथे संपलं. पाळकांना किंवा फादरांना सांगा, आणि डॉक्टरांकडेही जा. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. जीव देण्याचा विचार एकदा जरी कागदावर उतरला तरी दोन आठवडे थांबू नका. त्याच रात्री शेजारच्या खोलीतल्या कोणाला तरी उठवा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. बोलायला शब्द सुचत नसतील तर वहीतलं तेच पान वाचून दाखवा.