फोनच्या सेन्सरवरून आपण किती आणि कुठे चाललो ते कसं काढायचं

जीपीएस पोचत नाही अशा जागी, म्हणजे तळघरात, बोगद्यात, मोठ्या इमारतीच्या आत, फोनच्या सेन्सरवरून पोझिशन काढायची असं डोक्यात आलं की बहुतेक जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात, कारण शिकलेलंच असतं की त्वरणाचं इंटिग्रेशन केलं की वेग मिळतो आणि वेगाचं केलं की अंतर. मीही तेच केलं होतं. गणित बरोबर असतं, कोडही बरोबर असतो, तरी उत्तर साफ चुकतं आणि ते का चुकतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट जमत नाही.

त्यासाठी आधी एक प्रयोग करा. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, ते टाका, फोन टेबलावर पालथा न घालता सरळ ठेवा आणि अ‍ॅक्सिलरोमीटरचे आकडे बघा, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचे. फोन हलत नाहीये तरी झेड अक्षावर (स्क्रीनमधून सरळ बाहेर येणाऱ्या दिशेवर) ९.८१ च्या आसपास काहीतरी दिसेल, कारण हा सेन्सर 'हालचाल' मोजतच नाही, टेबल फोनला खालून जो रेटा देतंय तो मोजतो. (आयफोनसाठी स्वतः कोड लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे हेच रीडिंग उणे १ जी (जी म्हणजे गुरुत्वाचं ९.८१) असं येतं, अँड्रॉइडपेक्षा चिन्ह उलटं.) आता हा गुरुत्वाचा भाग वजा केल्याशिवाय खरं त्वरण मिळत नाही, आणि वजा करायचा तर फोन नेमका किती कललाय ते माहीत पाहिजे. इथेच सगळं बिघडतं. कल काढताना फक्त १ अंशाची चूक झाली तर सुमारे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं खोटं त्वरण शिल्लक राहतं, ते दोनदा इंटिग्रेट झालं की १० सेकंदांत साडेआठ मीटर आणि मिनिटभरात ३०० मीटर! फोन तिथेच टेबलावर. चूक वेळेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे महागडा फोन घेऊनही फार फरक पडत नाही. हाय-पास फिल्टर (सावकाश होणारे बदल काढून टाकणारा) लावून पाहाल तर ड्रिफ्ट, म्हणजे हे हळूहळू सरकत जाणं, जाईल खरं, पण त्याबरोबर सावकाश झालेली खरी हालचालही जाईल.

म्हणून चालणाऱ्या माणसासाठी इंटिग्रेशन सोडा आणि पावलं मोजा. एक पाऊल पडलं की तेवढं अंतर त्या दिशेने पुढे सरकायचं, बस. यात चूक वेळेबरोबर नाही, पावलांबरोबर वाढते, आणि तुम्ही उभे असाल तर पोझिशनही उभीच राहते.

रेकॉर्डिंग ५० हर्ट्झला केलं तरी भरपूर झालं, फक्त दोन सॅम्पलमधलं अंतर २० मिलिसेकंद धरून चालू नका, सेन्सर जो टाइमस्टॅम्प देतो तोच वापरा, कारण फोन मधेच सॅम्पल उशिरा देतो. अॅक्सिलरोमीटरच्या तिन्ही अक्षांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ, म्हणजे फोन कसाही धरला तरी चालतो. त्यातून सरासरी वजा करा आणि साधारण ३ हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून भरभर होणारे बदल काढून टाकणारा) लावा. माणूस सेकंदाला दोनच्या आसपास पावलं टाकतो, त्यामुळे आता स्क्रीनवर छान लाटा दिसायला लागतील, एक लाट म्हणजे एक पाऊल. १ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वरचं शिखर धरा आणि दोन शिखरांत किमान ०.३ सेकंद अंतर ठेवा, नाहीतर टाच आणि चवडा अशी दोन वेगळी पावलं मोजली जातात. हे आकडे सुरुवातीचे, आपल्या चालीवर बघून थोडे हलवायचे. स्वतः लिहायचं नसेल तर अँड्रॉइडमध्ये स्टेप डिटेक्टर तयार मिळतो, अँड्रॉइड १० पासून त्याला परवानगी मागावी लागते एवढंच.

पावलाची लांबी टेपने काढा. २० मीटर मोजा, नेहमीसारखं चाला, पावलांनी भागा. भरभर चालताना पाऊल लांब पडतं, ते धरायचं असेल तर त्या पावलातल्या कमाल आणि किमान त्वरणाच्या फरकाचं चौथं मूळ काढून एका स्थिरांकाने गुणतात, तो स्थिरांक याच २० मीटरवरून बसवायचा.

खरी कसोटी दिशेची आहे, आणि वेळ घालवायचा तर इथेच घाला. जायरो, म्हणजे फोन किती वेगाने वळतोय ते मोजणारा सेन्सर, थोड्या वेळासाठी फार छान असतो पण हळूहळू सरकत जातो, सेकंदाला ०.१ अंश जरी सरकला तरी १० मिनिटांत ६० अंश वाकडे. म्हणून चालू करताना फोन ५ सेकंद स्थिर ठेवून जायरोची सरासरी काढा (यालाच बायस म्हणतात) आणि ती पुढे प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. कंपास सरकत नाही, पण लिफ्ट, लोखंडी दरवाजा, खांबातल्या सळया जवळ आल्या की भरकटतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्लामध्ये असतं, बाहेर मोकळ्यावर तुमच्याकडे किती येतं ते एकदा बघून ठेवा आणि आत तो आकडा फार बदलला की तेवढा वेळ कंपासकडे बघूच नका, जायरोवर चाला. एरवी ९८ टक्के जायरो आणि २ टक्के कंपास असं मिश्रण सुरुवातीला पुरतं, कालमन फिल्टर (हेच मिश्रण जास्त हुशारीने करायची पद्धत) नंतर शिका. आणि पहिले काही दिवस फोन हातात, वरचं टोक चालायच्या दिशेला, असाच धरा. खिशात टाकला की फोनची दिशा आणि तुमची दिशा वेगळी होते, तो प्रश्न बराच अवघड आहे.

मग प्रत्येक पावलाला पूर्वेकडे लांबी गुणिले दिशेचा साइन आणि उत्तरेकडे लांबी गुणिले कोसाइन मिळवत जा, दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली असेल तर. मजला कळायला बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) वापरा, दर मीटरला दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे एक जिना चढला की स्पष्ट दिसतं.

तपासायला एक मोठा चौकोन चालून जिथून निघालात तिथेच या आणि रेघ काढून बघा. कोपरे काटकोनात आहेत पण चौकोन लहान-मोठा आलाय तर पावलाची लांबी चुकलीये. बाजू बरोबर आहेत पण रेघ पंख्यासारखी फाकत गेली तर जायरोचा बायस राहिलाय. आणि एकाच कोपऱ्यात वाकडी झाली तर तिथे जाऊन बघा, जवळ लोखंड सापडेल.