चेहरा आणि कवटीच्या शस्त्रक्रियेसाठी टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूचा ट्रे तयार करताना

जबडा किंवा कवटीचे हाड जोडायच्या मिनीप्लेट आणि स्क्रू बऱ्याचदा निर्जंतुक न केलेल्या स्थितीत येतात. म्हणून नवा मालही आधी धुवायचा आणि मगच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) ठेवायचा.

ट्रे थिएटरमधून परत आला की पहिला प्रश्न स्क्रूंचा. रुग्णाच्या हाडाला किंवा रक्ताला लागलेला स्क्रू पुन्हा रॅकमध्ये ठेवायचा नाही, तो टाकायचा. धुऊन चकचकीत दिसला तरी आट्यांत प्रथिने चिकटलेली राहतात. न वापरलेल्या स्क्रूंवरही रक्ताळलेल्या हातमोज्यांचा हात फिरलेला असतो, हे विसरले जाते. शंका असेल तो स्क्रू बाद करा.

बाकीचे सामान आधी गार पाण्यात धुवा. साधारण ४५ अंशांच्या वरच्या पाण्यात रक्त गोठून घट्ट बसते. मग एन्झाइमचे द्रावण, मऊ ब्रश, अल्ट्रासॉनिक टाकी. तारेची घासणी नको. सलाइन आणि ब्लीच तर लांबच ठेवा: क्लोराइडमुळे स्टीलच्या ड्रिल बिटला खड्डे पडतात. तीव्र अल्कली साबणाने स्क्रूंचा रंग उडतो आणि रंगावरून माप ओळखायची सोय जाते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाफेत भाजून पक्के बसतात, म्हणून शेवटचे पाणी आरओचे घ्या.

पूर्ण सुकल्यावर भिंगाखाली पाहा. वाकवून परत सरळ केलेली किंवा ओरखडलेली प्लेट वापरू नका. ती तिथेच तुटते.

दुहेरी वेष्टनात बांधून प्री-व्हॅक्यूम (वाफ सोडण्याआधी हवा काढून घेणाऱ्या) ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे, त्यानंतर २० ते ३० मिनिटे सुकवण. उत्पादकाच्या पत्रकात जास्त वेळ दिला असेल तर तोच पाळा. बोवी-डिक चाचणी, म्हणजे हवा पूर्ण निघून वाफ सगळीकडे पोचते का याची तपासणी, रोज सकाळी, रिकाम्या चेंबरमध्ये. इम्प्लांटच्या (शरीरात राहणाऱ्या प्लेट-स्क्रूंच्या) प्रत्येक लोडमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या बीजाणूंचा जैविक इंडिकेटर हवा, आणि त्याचा निकाल येईपर्यंत ट्रे सोडायचा नाही. घाईत उघड्या ट्रेवर फ्लॅश सायकल (वेष्टनाशिवाय झटपट निर्जंतुकीकरण) मारणे हा इम्प्लांटसाठी पर्यायच नाही. म्हणूनच उसना सेट शस्त्रक्रियेच्या निदान एक दिवस आधी मागवा.

वेष्टन ओले निघाले तर पॅक बाद. पुन्हा सुकवून भागत नाही, नवे वेष्टन बांधून सायकल पहिल्यापासून. बसवलेल्या प्लेटचा लॉट नंबर रुग्णाच्या कागदांत चिकटवा.