पांढरी झेब्रा फिंच: व्हाइट की सीएफडब्ल्यू?

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्याच्या नव्या पाळणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत पांढऱ्या मादीत होते. दुकानदार 'व्हाइट' (पूर्ण पांढरा रंगप्रकार) म्हणून देतो ती बरेचदा सीएफडब्ल्यू, म्हणजे चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट या वेगळ्याच रंगप्रकाराची असते. नरात हा घोळ होत नाही, कारण सीएफडब्ल्यू नराचे केशरी गाल, छातीवरचा पट्टा आणि बाजूची ठिपकेदार तांबूस पिसं शाबूत असतात. मादीत मात्र यातलं काहीच नसतं, म्हणून तिच्याकडे बघायची जागा वेगळी.

मादी हातात घ्या आणि खिडकीजवळच्या उजेडात या, पिवळ्या बल्बखाली नको. डोळ्याखाली उभी काळसर रेघ आहे का ते आधी बघा, मग शेपटीवर फिके आडवे पट्टे दिसतात का ते. दोन्हींपैकी एक जरी असेल तर ती सीएफडब्ल्यू. व्हाइटला डोळ्याखाली रेघ नसते, शेपटीही कोरी. हलक्या प्रतीच्या सीएफडब्ल्यू मादीत रेघ इतकी फिकी असते की डोळ्याखालची पिसं फुंकून वर केल्याशिवाय कळत नाही. व्हाइट पिल्लांच्या पाठीवर पुष्कळदा करडे ठिपके असतात. ते बघून 'पाइड' (डागाळलेला प्रकार) असं लिहून टाकू नका. साधारण तीन महिन्यांनी पिसं झडून नवी आली की बहुतेक ठिपके जातात, निकाल तेव्हा लावा.

आता पाठ फिकी असलेले पक्षी. लाइटबॅक आणि डॉमिनंट सिल्व्हर लांबून सारखेच दिसतात. पाठीच्या रंगावर भांडत बसण्यापेक्षा काळं किती काळं आहे ते बघा. लाइटबॅकमध्ये पाठ उजळते, पण डोळ्याखालची रेघ आणि नराचा छातीचा पट्टा काळाच राहतो, गाल केशरी, पोट पांढरंशुभ्र. डॉमिनंट सिल्व्हरमध्ये सगळंच विरतं. पट्टा राखाडी होतो आणि गालही फिके पडतात. फॉनच्या (तपकिरी प्रकाराच्या) बाबतीत आणखी एक गोची आहे: जुनी पिसं उन्हानं विटतात, त्यामुळे उघड्या गॅलरीतला फॉन 'क्रीम' या फिक्या प्रकारासारखा वाटू लागतो. नुकती पिसं झडून आलेला पक्षीच तपासायला घ्यावा.

पेंग्विन आणि पाइडची गल्लत मात्र उगाच होते. पेंग्विनचं गळ्यापासून खालपर्यंत सलग पांढरं असतं, नरालाही छातीचा पट्टा नाही. पाइडचे पांढरे डाग कुठेही आणि वेडेवाकडे. ब्लॅक चीकमध्ये मादीच्याही गालावर काळपट डाग येतो, त्यामुळे तिला नर समजून दोन माद्यांची जोडी लावली जाते आणि मग रिकामी अंडी मोजत बसावं लागतं. चोच बघा: नराची लालभडक, मादीची केशरी.

डोळ्यांनी निकाल लागला नाही तर तो पिल्लांवर सोडा. फॉन, सीएफडब्ल्यू आणि लाइटबॅक लिंगाशी जोडलेले आहेत. सीएफडब्ल्यू नर आणि शुद्ध करडी (मूळ रंगाची) मादी लावली की सगळ्या मुली सीएफडब्ल्यू, सगळे मुलगे दिसायला करडे पण स्प्लिट, म्हणजे जनुक अंगात असूनही रंगात न दिसणारे. शुद्ध व्हाइट नर लावला तर मुलं-मुली सगळी करडी, कारण व्हाइटसाठी जनुक दोन्हीकडून यावं लागतं. डॉमिनंट सिल्व्हर पहिल्याच पिढीत सुमारे निम्म्या पिल्लांत दिसतो. लिंगाशी जोडलेल्या जनुकाची मादीकडे एकच प्रत असते, त्यामुळे कुणी 'सीएफडब्ल्यू स्प्लिट मादी' जास्त भावानं विकत असेल तर घेऊ नका, तसली मादी नसतेच.

व्हाइट आणि सीएफडब्ल्यू एकत्र कधीच लावू नका. व्हाइट आपल्या अंगावर दुसरं काहीच दिसू देत नाही, त्याच्या आड फॉन, सीएफडब्ल्यू काहीही दडलेलं असू शकतं. पुढच्या दोन पिढ्यांत कोण काय, ते मग कुणालाच सांगता येत नाही.

तपासणीची जोडी एका पिंजऱ्यात एकटीच ठेवा. एका मोठ्या पिंजऱ्यात चार-पाच जोड्या असल्या की माद्या दुसऱ्यांच्या मटक्यात अंडी टाकतात, दुसऱ्या नराशी मेळही होतो. मादी आधीच्या नराचं बीज दहा-बारा दिवस साठवू शकते, म्हणून नवा नर सोडण्याआधी तिला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा, तीन ठेवलेत तर उत्तमच. करडा नर सीएफडब्ल्यूसाठी स्प्लिट आहे का, हे बघताना फक्त मुली मोजा. स्प्लिट नराच्या निम्म्या मुली सीएफडब्ल्यू निघतात, त्यामुळे नर स्प्लिट असूनही पाचही मुली करड्या निघण्याची शक्यता 32 पैकी 1 असते. एका खेपेत चार ते सहा अंडी येतात आणि त्यातल्या मुली निम्म्याच, म्हणून दोन-तीन खेपा लागतील असं धरून चाला. पिल्लं मटक्यातून बाहेर आली की लगेच प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला आणि कडीचा रंग, आई-बाप, तारीख वहीत लिहा. पिल्लांच्या चोची तेव्हा सगळ्यांच्या काळ्याच असतात, लिंगाचा रकाना तीन महिन्यांपर्यंत कोरा ठेवायचा.