इन-कॅमेरा सुनावणी मागायची असेल तर

इन-कॅमेरा सुनावणीत कॅमेरा नसतो. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. न्यायाधीश, दोन्ही पक्षकार, त्यांचे वकील आणि कोर्टाचे कर्मचारी आत, बाकी सगळे बाहेर. गोंधळ वाढवलाय तो आपल्या बातम्यांनी: ‘इन-कॅमेरा शवविच्छेदन’ असं छापून येतं तेव्हा मात्र खरोखर चित्रीकरणच म्हणायचं असतं. म्हणून अशिलांशी बोलताना मी सरळ ‘बंद दाराआड’ म्हणते. अर्जात मात्र ‘इन-कॅमेरा’च लिहिते.

कौटुंबिक न्यायालयात हे मिळवणं अवघड नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ११ प्रमाणे दोघांपैकी एकाने जरी मागणी केली, तरी कोर्टाला दार बंद करावंच लागतं. समोरच्याची संमती लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये तर मागणीचीही अट नाही. पण कायदा असला म्हणून दालन आपोआप रिकामं होत नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, भरलेला असतो, पुढच्या पुकाऱ्याची वाट बघणारे बाकांवर बसलेले असतात आणि सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही.

तेव्हा अर्ज द्याच. एक पान पुरे: प्रकरणाचा क्रमांक, कलम आणि कोणाची साक्ष बंद दाराआड हवी ते. घरात काय काय घडलं ते त्यात ओतू नका, त्यासाठीच तर दार लावून घेतोय! अर्ज साक्षीच्या तारखेआधी द्या. ऐन उलटतपासणीत मागितलात, तर तोवर निम्मं बाकांपर्यंत पोचलेलं असतं. प्रत समोरच्या वकिलांना द्या. त्यांचा ‘से’, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, येईल, येऊ दे.

सोबत आलेली आई किंवा मामा बाहेरच थांबतील, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगा. दारात वाद नको. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात वेगळं आहे. तिथे पॉक्सो, म्हणजे बालकांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ३७ नुसार मुलाचे आईवडील किंवा त्याच्या विश्वासातली व्यक्ती आत असते.

आणि मोबाइल. कलम २२ खालच्या कामकाजातलं काही छापणं, प्रसिद्ध करणं बेकायदा आहे, दंड हजार रुपयांपर्यंत. रक्कम ऐकून लोक हसतात आणि जबाबाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकतात. टाकू नका. बँकेत किंवा पासपोर्टसाठी निकालाची प्रमाणित प्रत मागितली, तर ती खुशाल द्या.